दोष कोणाचा? : दख्खनच्या दंग्यापासून ठेवीदारांच्या आक्रोशापर्यंत

प्रवरेच्या तीरावर, अगस्ती ऋषींच्या वास्तव्याने पावन मानल्या गेलेल्या अकोले परिसरात पिढ्यान्‌पिढ्या व्यापार-उदीम करणाऱ्या कुटुंबांच्या घरी लाल कापडात बांधलेल्या जुन्या चोपड्या एके काळी देवघराइतक्याच जपल्या जात. दिवाळीला त्यांचे पूजन होई. पहिल्या पानावर ‘श्री’ आणि ‘शुभ-लाभ’ लिहूनच नव्या वर्षाचा हिशेब सुरू होई. मात्र याच चोपड्या आणि त्यांच्यासोबत ठेवलेले कर्जरोखे दीडशे वर्षांपूर्वी नगर आणि पुणे जिल्ह्यांत लोकक्षोभाचे लक्ष्य झाले. गावोगावी जमाव सावकाराच्या दारात उभा राहिला. त्याने प्रथम मागितले ते धन नव्हे, कागद मागितले. कागद मिळताच त्यांची होळी झाली.

पतव्यवहार कोसळला की समाजात एकच प्रश्न सर्वत्र विचारला जातो : दोष कोणाचा? हा प्रश्न १८७५ मध्ये विचारला गेला, त्याआधी दहा वर्षे मुंबईत विचारला गेला आणि अलीकडच्या काळात आपल्याच जिल्ह्यात पुन्हा विचारला गेला. प्रत्येक वेळी रोष एका बाजूला वळला आणि दोष मात्र अनेक ठिकाणी विखुरलेला निघाला. जैन समाजाचा व्यापार, सावकारी व पुढे सहकारी पतसंस्था यांच्याशी निकटचा संबंध राहिल्याने हा इतिहास समजून घेणे समाजाला अगत्याचे आहे. तो अभिमानाने सांगण्यासारखा नाही, तसा लपविण्यासारखाही नाही.

डोंगरातील पहिली ठिणगी

सावकारीविरुद्धच्या असंतोषाची ठिणगी प्रथम पडली ती अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात. देवगाव येथील राघोजी भांगरे यांनी १८४० च्या दशकात इंग्रज सत्तेविरुद्ध व सावकारांविरुद्ध बंड पुकारले. महादेव कोळी समाजातील या वीराने सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांच्या आश्रयाने सरकारी फौजेला काही वर्षे हुलकावणी दिली. अखेर २ जानेवारी १८४८ रोजी ते पंढरपुरात पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाणे येथील तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. पुढे १८७३ ते १८७६ या काळात होन्या केंगले यांनी याच सह्याद्रीच्या पट्ट्यात सावकारांवर छापे घातले.

अकोल्याच्या भूमीत राघोजींचे नाव आदराने घेतले जाते व ते यथायोग्यच आहे. त्याच वेळी, ज्या घरांवर छापे पडले ती घरे व्यापारी समाजाची होती, हेही तितकेच खरे आहे. या दोन्ही स्मृती एकाच तालुक्यात, एकाच बाजारपेठेत शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. त्यांपैकी एक खरी मानण्यासाठी दुसरी खोटी ठरवावी लागत नाही.

मुंबईतील तेजी आणि बँकेचा विनाश

दख्खनचा दंगा समजण्यासाठी प्रथम मुंबईकडे वळणे आवश्यक आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि इंग्लंडच्या गिरण्यांना मिळणारा तेथील कापूस बंद पडला. हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत पैशाचा पूर आला. नव्या कंपन्या व वित्तसंस्था रोज निघू लागल्या. बॅक बे भरणी कंपनीच्या पाच हजार रुपयांच्या भागाला पन्नास हजारांच्या घरात भाव आला. या तेजीचा कर्णधार मानला गेला तो सुरतेचा जैन श्रावक, शेठ प्रेमचंद रायचंद (१८३१–१९०६).

१८४० मध्ये स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे ही इलाख्याची प्रतिष्ठित बँक होती. सरकार स्वतः तिचे भागधारक होते व संचालक मंडळावर सरकारनियुक्त सदस्य होते. १८६३ मध्ये बँकेचा कायदा बदलून कर्जावरील जुनी बंधने सैल करण्यात आली. त्यानंतर कंपन्यांच्या भागांच्या तारणावर, कित्येकदा पुरेशा तारणावाचूनही, कर्जे दिली गेली. प्रेमचंद शेठांचा शब्द हेच तारण मानले जाऊ लागले. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्याच्या चुकतीचा दिवस मुंबईच्या बाजाराला काळा दिवस ठरला. बँकेचे दोन कोटींहून अधिक असलेले भांडवल जवळजवळ सर्व बुडाले आणि १८६८ मध्ये ती बँक संपुष्टात आली.

लोकांचा रोष साहजिकच प्रेमचंद शेठांवर कोसळला. ज्यांना काल ‘कापसाचा राजा’ म्हटले जात होते, त्यांच्याच नावाने लोक बोटे मोडू लागले. परंतु १८६८ मध्ये सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी आयोगाने कारणे नोंदविली ती अनेक होती. बंधने काढून टाकणारा १८६३ चा कायदा हे पहिले. त्या कायद्याने मिळालेल्या अधिकारांचा बँकेच्या दुर्बल व तत्त्वशून्य चिटणिसांनी केलेला दुरुपयोग हे दुसरे. अध्यक्ष व संचालकांची हयगय आणि अक्षमता हे तिसरे. त्या काळाची असाधारण परिस्थिती आणि योग्य कायदेशीर सल्ल्याचा अभाव ही पुढची. एका व्यक्तीच्या लोभाने बँक बुडाली, असे म्हणणे सोपे होते. मात्र तो लोभ तिजोरीपर्यंत पोहोचू देणारी दारे कोणी उघडली, हा प्रश्न आयोगाने विचारला.

प्रेमचंद शेठांनी मातोश्रींच्या नावे दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला व आजही उभा आहे. दानाने व्यवहारातील दोष धुऊन निघत नाही आणि व्यवहारातील दोषाने दानाचे मोल शून्य होत नाही. इतिहासाने दोन्ही नोंदी आपापल्या रकान्यात ठेवल्या आहेत.

तेजीची झळ दख्खनपर्यंत

कापसाची तेजी आणि लोहमार्गाची कामे यांमुळे दख्खनमध्येही पैसा आला होता. शेतमालाला भाव होता, मजुरी मिळत होती, म्हणून सावकारही सढळ हाताने कर्ज देत होता आणि कुळही निर्धास्तपणे घेत होते. तेजी ओसरली तेव्हा भाव उतरले, कामे संपली. कर्ज मात्र राहिले. त्यातच १८६७ पासून इंदापूर व पुढे इतर तालुक्यांत जमिनीच्या साऱ्याची फेरआकारणी झाली. तेजीच्या काळातील भाव पाहून ठरविलेला वाढीव सारा मंदीच्या काळात भरावा लागला. सारा रोखीने व ठरल्या हप्त्याने द्यायचा असल्याने शेतकरी पुन्हा सावकाराच्याच ओट्यावर येऊन बसला. आता सावकाराचा हातही आखडला होता.

कायद्यानेही भर घातली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू कुळाच्या संरक्षणाचा होता. परिणाम उलट झाला. मुदत संपण्यापूर्वी मुद्दल आणि थकलेले व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेतला जाई व त्यावर पुन्हा व्याज चढे. निरक्षर कुळ अंगठा उठवी. वर काय लिहिले आहे हे त्यास वाचता येत नसे. दिवाणी न्यायालय रोख्यापलीकडे पाहत नसे. बहुतेक दाव्यांत कुळ हजर होत नसे आणि एकतर्फी हुकूमनामे होत.

येथे सावकाराचा दोष स्पष्टपणे सांगणे प्राप्त आहे. दिल्यापेक्षा अधिक रक्कम रोख्यात लिहून घेणे, फेडीची पावती न देणे, फिटलेला रोखा परत न करणे, हिशेब कुळास न दाखविणे अशा तक्रारी त्या काळच्या चौकशीत वारंवार पुढे आल्या. सर्वच सावकार असे होते, असे नाही. अडीनडीला बी-बियाणे, दुष्काळात धान्य आणि लग्नकार्यात रक्कम देणारा तोच होता; त्याच्यावाचून साराही भरला गेला नसता. तथापि जे अप्रामाणिक होते त्यांच्यापासून प्रामाणिक सावकारांनी स्वतःस वेगळे केले नाही. आणि जमाव आला तेव्हा जमावानेही तो फरक केला नाही.

करडे ते सुपे

१८७४ च्या डिसेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावी काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवून गावच्या बाबासाहेब देशमुखांचे घर पाडण्यास घेतले. गाव संतापले. सावकारावर बहिष्कार पडला. पाणी भरणे, हजामत, घरकाम सारे बंद झाले. त्यास अखेर पोलिसांच्या साहाय्याने शिरूरला जावे लागले. बहिष्काराचे हे लोण आसपासच्या गावांत पसरले. मग १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे आठवड्याच्या बाजारास जमलेल्या लोकांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. पुढील काही आठवड्यांत नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत या तालुक्यांतील गावांत हेच घडले. पुणे व नगर मिळून ९५१ जणांना अटक झाली.

या दंग्याचे वैशिष्ट्य असे की, त्यात रक्तपात जवळजवळ झाला नाही. जेथे सावकाराने कर्जरोखे मुकाट्याने स्वाधीन केले तेथे बहुधा त्याच्या जिवास धक्का लागला नाही. लोकांना माणूस मारायचा नव्हता, कागद मारायचा होता. आणखी एक बाब सरकारी आयोगाने नोंदविली. काही गावांत ब्राह्मण व इतर जातींचे लोकही सावकारी करीत. तरी मार खाल्ला तो मुख्यत्वे मारवाडी व गुजर सावकारांनी. या सावकारांत वैष्णव होते, तसेच जैनही होते. ते बाहेरून आलेले होते, त्यांची बोली वेगळी होती, सोयरीक दूरची होती. पीडेचे मूळ कोठेही असो, रोषाला चेहरा लागतो. आणि तो चेहरा जवळचा, तरीही परका असला की निवड सोपी होते.

गावातील माणसाला लिव्हरपूलचा कापूस बाजार दिसत नव्हता, साऱ्याची आकारणी करणारा अधिकारी दिसत नव्हता, मुदतीचा कायदा लिहिणारा तर मुळीच दिसत नव्हता. दिसत होता तो ओट्यावर चोपडी उघडून बसलेला शेठ. त्याचा दोष होताच. परंतु जो दोष त्याचा नव्हता तोही त्याच्याच दारात येऊन पडला.

आयोगाचा निवाडा

सरकारने नेमलेल्या दख्खन दंगे आयोगाने १८७६ मध्ये अहवाल सादर केला. पाहणी केलेल्या भागातील सुमारे एक तृतीयांश खातेदार कर्जात बुडालेले आढळले. त्यांचे कर्ज साऱ्याच्या सरासरी अठरा पट होते आणि त्यापैकी जवळजवळ दोन तृतीयांश कर्जास जमीन गहाण होती. आयोगाने सावकारांची लबाडी, न्यायालयांची रीत, मुदतीचा कायदा आणि नापिकी या साऱ्यांची चिकित्सा केली. साऱ्याच्या फेरआकारणीला किती दोष द्यावा, याविषयी मात्र शासनात मतभेद राहिले. आयोगातील एक सदस्य ऑकलंड कॉल्व्हिन यांनी स्वतंत्र टिपणात या आकारणीवर कठोर टीका केली. दोष वाटून देताना सत्ता आपल्या वाट्याचा दोष शेवटी आणि कमीत कमी उचलते, याचेही हे उदाहरण होय.

१८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. न्यायालयाने रोख्यामागचा मूळ व्यवहार तपासावा, कर्जरोख्यांची नोंदणी व्हावी, फेडीची पावती द्यावी, कुळास हिशेबाची नक्कल मिळावी, असे त्यात ठरले. कर्जापायी शेतकऱ्यास कैद करण्याची प्रथाही थांबली. थोडक्यात, जी चोपडी केवळ सावकारासच वाचता येत होती ती दोघांना वाचता यावी, असा हा प्रयत्न होता. त्याने सारे प्रश्न सुटले नाहीत. सावध झालेले सावकार कर्ज देण्यास कचरू लागले. काहींनी गहाणाऐवजी खरेदीखतच लिहून घेण्यास आरंभ केला. जाळलेल्या रोख्यांच्या राखेतून नवी पत निर्माण झाली नाही.

पत निर्माण करण्याचा विचार न्यायमूर्ती रानडे, सर विल्यम वेडरबर्न आदींनी मांडला. पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढण्याची वेडरबर्न यांची योजना लंडनच्या सरकारने मान्य केली नाही. अखेर १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. १९१० मध्ये नगर अर्बन बँक स्थापन झाली. नगर जिल्ह्यात पुढे सहकाराचे जे विशाल वृक्ष वाढले त्यांची मुळे १८७५ च्या त्या राखेपर्यंत जातात, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पुन्हा तोच प्रश्न

काळाचे चक्र फिरले आणि सावकारास पर्याय म्हणून उभ्या राहिलेल्या संस्थांच्या दारातच लोकक्षोभ येऊन ठेपला. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा ठेवीदारांना प्रारंभी केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. शतकाहून अधिक वयाच्या नगर अर्बन बँकेवर २०१९ मध्ये प्रशासक आला, डिसेंबर २०२१ मध्ये निर्बंध आले आणि ४ ऑक्टोबर २०२३ रोजी तिचा परवाना रद्द झाला. आयुष्यभराची पुंजी अडकलेल्या वृद्धांचा आक्रोश जिल्ह्याने पाहिला. कोणी संचालकांना, कोणी थकबाकीदारांना, कोणी लेखापरीक्षकांना, कोणी सहकार खात्याला, तर कोणी रिझर्व्ह बँकेला जबाबदार धरले. व्यक्तिगत अपराध ठरविणे हे न्यायालयांचे काम आहे. ते येथे करणे उचित नव्हे.

मात्र १८६८ च्या आयोगाने मुंबईच्या बँकेविषयी काढलेले निष्कर्ष आजच्या वाचकाने पुन्हा वाचले, तर अनोळखी असे त्यांत थोडेच आढळेल : सैल नियम, अधिकाराचा दुरुपयोग, संचालकांची डोळेझाक. एक फरक मात्र महत्त्वाचा. १८७५ मध्ये रोष होता तो कर्ज घेणाऱ्याचा, कर्ज देणाऱ्यावर. आज रोष आहे तो ठेव ठेवणाऱ्याचा, ठेव सांभाळणाऱ्यावर. तेव्हा जैन व्यापारी बहुधा चोपडीच्या एकाच बाजूस होता. आज तो ठेवीदारांत आहे, कर्जदारांत आहे आणि संचालकांतही आहे. म्हणून आजचा रोष परका म्हणून झटकून टाकण्याची सोय समाजास उरलेली नाही.

काही सुधारणाही झाल्या, त्यांची नोंद घेतली पाहिजे. फेब्रुवारी २०२० मध्ये बँक ठेवींवरील विम्याची मर्यादा प्रत्येक ठेवीदारास प्रत्येक बँकेमागे एक लाखावरून पाच लाख रुपये झाली. त्याच वर्षी सहकारी बँकांवरील रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढविण्यात आले. मात्र गावोगावच्या पतसंस्थांतील ठेवींना हा विमा लागू नाही, हे पुष्कळ ठेवीदारांस ठाऊक नसते. जास्त व्याजाच्या आशेने ठेव ठेवताना ही गोष्ट विचारात घेणे ही ठेवीदाराचीही जबाबदारी होय.

श्रावकाचा हिशेब

जैन आचारशास्त्राने या विषयाचा विचार फार पूर्वी केलेला आहे. श्रावकाच्या सत्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत त्यांत दोन विशेष लक्षणीय आहेत : कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा दस्तऐवज करणे, आणि न्यासापहार, म्हणजे विश्वासाने सोपविलेली ठेव बुडविणे. १८७५ च्या सावकारावर जो आरोप झाला तो पहिल्याचा. आजच्या बुडीत संस्थांच्या चालकांवर जो होतो तो दुसऱ्याचा. शास्त्रकारांनी या दोषांची गणना केवळ चोरीत न करता असत्यात केली, यात मोठा अर्थ आहे. पैसा जाण्यापूर्वी शब्द जातो आणि शब्द जाण्यापूर्वी हिशेब झाकला जातो.

प्रतिक्रमणात श्रावक दुसऱ्याच्या दोषांची यादी वाचत नाही, स्वतःच्या वाचतो. याचा अर्थ इतरांचे दोष नसतात, असा नव्हे. साऱ्याची अन्याय्य आकारणी, आंधळा कायदा आणि झोपलेला नियामक यांना त्यांचा दोष दाखविलाच पाहिजे. परंतु जो समाज आपल्या वाट्याचा दोष आपण होऊन मोजतो, त्याच्यावर इतरांचा दोष लादणे कठीण जाते. प्रामाणिक सावकार १८७५ मध्ये हेच करू शकला नाही. शेजारच्या ओट्यावर काय चालते हे त्यास ठाऊक होते. तो गप्प बसला आणि त्या मौनाची किंमत त्याच्याही चोपडीने मोजली.

एखाद्या धार्मिक न्यासाने पन्नास वर्षे लोकांच्या दानावर कार्य करणे, ही मुळात विश्वासाची ठेव सांभाळण्याचीच गोष्ट आहे. दरसाल हिशेब सभेपुढे मांडणे, तो साध्या भाषेत मांडणे, प्रश्न विचारणाऱ्यास विरोधक न समजणे आणि चूक दिसताच ती स्वतः सांगणे, हे नियम न्यासालाही लागू आहेत, पतसंस्थेलाही आणि दुकानाच्या चोपडीलाही. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी लाल कापडातील जुन्या चोपड्या समाजाने पुन्हा उघडून पाहाव्यात. पहिल्या पानावरील ‘शुभ’ हा शब्द ‘लाभ’ या शब्दाच्या आधी लिहिलेला असतो. पूर्वजांनी तो क्रम विचारपूर्वक ठेवला आहे.